कंबर दुखते हे खरं, पण दोष पाठीतल्या सुईचा नाही

फोंडा, डिचोली, सत्तरीकडच्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: "सिझरला पाठीत इंजेक्शन घेऊ नका. आयुष्यभर कंबर धरते, मणक्याला भोक पडतं, पाय जातात. पूर्ण भूल मागा. नंतर दुखण्याच्या गोळ्याही घेऊ नका, दूध बिघडतं." खाली हात जोडलेले आणि 'प्रत्येक आईपर्यंत पोचवा'.

मी भूलतज्ज्ञ आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गोव्यात दर पाचांतली जवळपास दोन बाळंतपणं सिझरने होतात, म्हणजे हा मेसेज थेट ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचतो. पोरगी पाठ करून बसते ती भीतीने ताठ झालेली असते. पाठ बाक काढून सैल सोडली नाही तर मणक्यांमधली फट सापडत नाही आणि सुई पुन्हा टोचावी लागते. ज्या सुईची धास्ती घातली, तीच दोनदा सोसावी लागते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"आयुष्यभर कंबर धरते." या समजुतीला एकेकाळी संशोधनाचाही आधार मिळाला होता, म्हणून इथे जरा थांबायला हवं. १९९० साली बर्मिंगहॅममध्ये बाळंत झालेल्या ११,७०१ बायकांची पाहणी प्रसिद्ध झाली. कळांचं दुखणं कमी करायला एपिड्युरल, म्हणजे पाठीत बारीक नळी ठेवून दिलं जाणारं बधिरतेचं औषध, घेतलेल्यांपैकी १८.९ टक्के जणींनी नव्याने लागलेली, रेंगाळलेली कंबरदुखी सांगितली. न घेतलेल्यांत १०.५ टक्के. आकडे ऐकून कोणीही घाबरेल. पण बायकांना विचारलं होतं काही वर्षांनी, आठवणीच्या भरवशावर. शिवाय त्याच पाहणीत असंही दिसलं, की कळा न देता आधीच ठरवून सिझर झालेल्या बायकांमध्ये एपिड्युरल घेऊनही कंबरदुखी वाढली नव्हती. दोष सुईचा असता तर त्याही दुखावल्या असत्या.

पुढे आठवणीवर न विसंबता बाळंतपणापासूनच बायकांचा मागोवा घेतला गेला. १९९४ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात महिना-दोन महिन्यांनी कंबर दुखणाऱ्या एपिड्युरलवाल्या ४४ टक्के, बिगर-एपिड्युरलवाल्या ४५ टक्के. २००२ साली इंग्लंडमध्ये ३६९ बायकांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी करून दोन वर्षांहून जास्त काळाने पुन्हा तपासलं, तरी फरक नाही. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यातही लांबलेल्या कंबरदुखीत फरक सापडला नाही. हे सगळं एपिड्युरलबद्दल, जिची सुई जाड असते आणि नळी तासन्‌तास पाठीत राहते. सिझरला आपण बहुतेकदा देतो ते स्पायनल, म्हणजे पाठीत एकदाच टोचून दिलेलं इंजेक्शन. त्याची सुई साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची, रक्त काढायच्या नेहमीच्या सुईपेक्षाही बारीक. टोचल्या जागी दोन-चार दिवस ठणका राहतो, तेवढं मान्य.

मग दुखतं कशाने? पोटुशेपणी सांधे बांधून ठेवणारे बंध सैल होतात, पोटाचे स्नायू ताणून मधोमध विलग होतात, सगळा भार कमरेवर येतो. निम्म्या बायकांची कंबर गरोदरपणातच दुखायला लागलेली असते. पुढे रात्रंदिवस वाकून पाजणं, बादल्या उचलणं. नॉर्मल झालेल्या जावेचीही कंबर दुखते, पण तिच्याकडे बोट दाखवायला इंजेक्शन नसतं. सत्तरीकडची एक आई माझ्याकडे आली, ती त्या सुईला बोल लावत. मी तिला तिथेच बाळाला पाजायला सांगितलं. बाळ मांडीवर, पाठीला टेका नाही, आणि ही त्याच्यावर पार दुमडलेली. मांडीवर दोन उशा ठेवून बाळ छातीच्या उंचीला आणलं, पाठीला भिंत दिली, फिजिओथेरपिस्टकडून पोटा-पाठीचे व्यायाम शिकवले. तिची कंबर हळूहळू सुधारली. मला या मेसेजचा राग येतो तो याचसाठी: 'इंजेक्शनमुळेच हो' म्हटलं की उपाय शोधणंच थांबतं, आणि बाई वर्षानुवर्षं दुखणं काढत राहते.

"मणक्याला भोक पडतं, पाय जातात." सुई हाडात जात नाही, दोन मणक्यांच्या मधून जाते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. आपण त्याच्या खाली टोचतो. खाली असतं पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या नसा. पाय दोन-तीन तास बधिर राहतात, औषध उतरलं की हलतात. कायमची इजा होतच नाही असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये पाठीतल्या सात लाखांहून अधिक इंजेक्शनांचा हिशेब मांडला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. सगळ्या संशयास्पद केसेस धरल्या तरी कायमची इजा लाखात सुमारे चार जणांना, आणि बाळंतिणींमध्ये प्रमाण त्याहूनही कमी.

"पूर्ण भूल मागा." हा सल्ला मेसेजमधला सर्वांत घातक. गरोदर बाईच्या पोटातलं अन्न-आम्ल सहज वर येतं. पूर्ण भुलीत ते फुफ्फुसात उतरू शकतं. घशाला सूज असल्याने श्वासनळीत नळी घालणं अवघड जातं. औषध थोडंफार बाळापर्यंत पोचतं आणि त्याचं पहिलं रडणं आईला ऐकू येत नाही. जोराचा रक्तस्राव असेल, प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) फार कमी असतील किंवा एकेक मिनिट मोलाचं असेल तर आम्ही पूर्ण भूल देतोच, आणि तेव्हा ती जीव वाचवते. पण हौसेने मागायची ती गोष्ट नव्हे.

खरा त्रास जो होतो, त्याबद्दल मेसेज गप्प आहे: डोकेदुखी. सुईने पडलेल्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपलं तर उठून बसताच डोकं भयंकर ठणकतं, आडवं झालं की उतरतं. यावर संशोधनाने खरोखर सुधारणा घडवली. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१८ च्या आढाव्यात, ३१ हजारांहून अधिक रुग्णांमध्ये, नेहमीच्या धारदार टोकाच्या सुईने ११ टक्क्यांना अशी डोकेदुखी झाली. पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुईने ४.२ टक्क्यांना. विचारायचंच असेल तर नातेवाइकांनी हे विचारावं: "डॉक्टर, सुई कुठली वापरणार?" उशी काढून चोवीस तास सपाट निजवण्याने ही डोकेदुखी टळत नाही, हे २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात आलं आहे. सासूबाई, तिला उशी द्या.

"गोळ्यांनी दूध बिघडतं." पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दुधात नगण्य उतरतात. मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास नसेल तर पहिले काही दिवस या गोळ्या दुखायची वाट न बघता ठरल्या वेळी घ्याव्यात. २००८ च्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर लगेच तीव्र दुखणाऱ्या बायकांमध्ये दोन महिन्यांनी वेदना टिकण्याचं प्रमाण अडीच पट आणि नैराश्याचं तिप्पट आढळलं. जपायचं ते कोडीन आणि ट्रॅमाडॉल या कडक वेदनाशामकांपासून. बाळाला पाजणाऱ्या आईने ती टाळावीत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला आहे. पाकिटावरचं नाव वाचा.

घरी गेल्यावर पाठ दुखतेय आणि सोबत ताप आहे, पायातली शक्ती कमी होतेय, लघवी अडतेय किंवा कळत नाहीये, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करून सरळ इस्पितळात या. डोकं उठून बसल्यावरच दुखत असेल तर सकाळी भूलतज्ज्ञांना भेटा; साध्या उपायांनी नाहीच उतरलं तर बाईचंच थोडं रक्त पाठीत सोडून ते छिद्र बंद करता येतं.