एचआयव्हीची लस ‘दाबून ठेवली’? त्या निरोपातलं एकेक वाक्य

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप फिरतो आहे. त्याचा सारांश असा: एचआयव्हीची लस कधीच तयार झाली, पण एचआयव्हीच्या गोळ्यांचा धंदा बुडेल म्हणून कंपन्यांनी ती दाबून ठेवली. चाचणीत निरोगी माणसांना विषाणू टोचतात, म्हणून त्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. निम्म्यांना नुसतं पाणी टोचून वाऱ्यावर सोडतात. आणि आता वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन आलंय, तेव्हा गोळ्या बंद करा. यातलं शेवटचं वाक्य एखाद्याच्या जिवावर बेतेल, म्हणून हे सविस्तर उत्तर.

लस दाबून ठेवल्याचं आधी बघू. ज्या लसी मोठ्या चाचणीपर्यंत पोहोचल्या, त्यांचे आकडे जगासमोर आहेत. थायलंडमध्ये 16 हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या आरव्ही 144 चाचणीचा निकाल 2009 मध्ये आला: संरक्षण सुमारे 31 टक्के. वापरात आणायला ते पुरेसं नव्हतं. तीच पद्धत सुधारून दक्षिण आफ्रिकेत 5,407 जणांवर तपासली. फेब्रुवारी 2020 मध्ये ती चाचणी थांबवावी लागली, कारण लस घेतलेल्यांत 129 जणांना लागण झाली होती आणि न घेतलेल्यांत 123 जणांना. म्हणजे लसीचा उपयोग शून्य. त्यानंतर इम्बोकोडो 2021 मध्ये आणि मोझायको जानेवारी 2023 मध्ये, याही चाचण्या अपयशी ठरल्या.

अडचण विषाणूतच आहे. तो स्वतःची नक्कल करताना सतत चुका करतो, त्यामुळे एकाच माणसाच्या शरीरात त्याची असंख्य रूपं तयार होतात. त्याच्यावर साखरेच्या रेणूंचं दाट आवरण असतं. शिवाय लागण झाल्यावर काही दिवसांतच तो पेशींच्या डीएनएत जाऊन बसतो. गोवरातून माणूस आपोआप बरा होतो, आणि शरीर हे कसं करतं ते पाहून लस बनवता येते. एचआयव्हीत तशी वाट दाखवणारे रुग्ण जवळजवळ नाहीतच.

आता पॉझिटिव्ह रिपोर्ट. ही अफवा सगळ्यात चिवट आहे, कारण डोळ्यांना दिसतं ते खरंच असतं. बोटातून रक्ताचा थेंब काढून रॅपिड टेस्टच्या पट्टीवर टाकतात. ‘सी’पाशी रेघ उमटली तर पट्टी चालू आहे, ‘टी’पाशीही उमटली तर रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्हचा इशारा. पण ही पट्टी मुख्यतः प्रतिपिंडं (अँटिबॉडीज), म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, शोधते. लसीत विषाणूच्या आवरणातले प्रथिनांचे तुकडे किंवा ते बनवण्याची सूचना असते. ते पाहून शरीर प्रतिपिंडं तयार करतं, आणि लागण नसताना ‘टी’ची रेघ उमटते. खरं-खोटं ठरतं ते विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) थेट शोधणाऱ्या पीसीआर तपासणीत. म्हणून लसीच्या चाचणीत भाग घेतलेल्याने बाहेरच्या लॅबमध्ये परस्पर तपासणी करू नये, चाचणी केंद्रातच करावी. नोकरीच्या, विम्याच्या किंवा गरोदरपणातल्या तपासणीआधी केंद्राकडून लेखी पत्र घ्यावं, आणि रक्तदान टाळावं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाची कोविड लस डिसेंबर 2020 मध्ये नेमकी याच कारणाने सोडून दिली गेली. तिच्यात एचआयव्हीच्या एका प्रथिनाचा छोटा तुकडा होता आणि स्वयंसेवकांच्या तपासण्या खोट्या पॉझिटिव्ह येत होत्या. लागण कुणालाच झाली नव्हती.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. 2007 मध्ये थांबवलेल्या ‘स्टेप’ नावाच्या एचआयव्ही लसीच्या चाचणीत लस घेतलेल्या काही पुरुषांमध्ये लागणीचं प्रमाण जास्त निघालं. लसीत जिवंत एचआयव्ही नव्हता. लसीतला मजकूर पेशींत नेणारा वाहक म्हणून सर्दीचा एक विषाणू वापरला होता, आणि त्याच्याशी आधी सामना झालेल्यांना व सुंता न झालेल्यांना धोका वाढलेला दिसला. हे जाहीर झालं आणि सहभागींना कळवलं गेलं.

‘पाणी टोचून वाऱ्यावर सोडतात’ या वाक्यामागची भीती इंदूरच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. औषधचाचण्यांतल्या गैरप्रकारांविरुद्ध 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेली स्वास्थ्य अधिकार मंचाची याचिका याच शहरातून गेली होती, आणि नुकसानभरपाईचे व संमतीचे नियम 2013 पासून कडक झाले त्यामागे ती होती. तेव्हा संशय घ्याच, पण कागद मागून घ्या. चाचणीचा सीटीआरआय (देशातल्या औषधचाचण्यांची सार्वजनिक नोंदणी) क्रमांक विचारा आणि त्या नोंदणीच्या संकेतस्थळावर केंद्राचं नाव व एथिक्स कमिटीची (सहभागींचे हक्क जपणाऱ्या समितीची) मंजुरी तपासा. माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं. हिंदीतलं नीट कळत नसेल तर मराठीत मागा, आणि घरी नेऊन वाचा. नव्या रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या औषधाच्या, चाचणीत दुर्बल घटकातल्या माणसाची संमती व्हिडिओवर घेतात. एचआयव्हीच्या औषधासाठी मात्र नियमाने फक्त आवाज नोंदवायचा असतो, ओळख उघडी पडू नये म्हणून. गंभीर त्रास झाला तर डॉक्टरने तो 24 तासांत कळवायचा असतो. चाचणीतून कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं.

प्लासिबो (औषध नसलेलं खोटं इंजेक्शन) मिळालेल्यालाही कंडोम, समुपदेशन आणि नियमित तपासणी मिळते. 2024 च्या पर्पज 1 चाचणीत तर बिनसंरक्षणाचा गट ठेवलाच नव्हता. ज्यांना खोटं इंजेक्शन होतं त्यांना प्रतिबंधाच्या खऱ्या गोळ्या होत्या. लेनाकापाविर हे प्रतिबंधाचं इंजेक्शन घेतलेल्या 2,134 तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. गोळ्यांच्या दोन गटांत 1,068 पैकी 16 आणि 2,136 पैकी 39 जणींना झाली, कारण रोजची गोळी बऱ्याच जणींकडून चुकत होती.

आता ते दोनदाचं इंजेक्शन. ते हेच लेनाकापाविर. जून 2025 मध्ये अमेरिकेत त्याला प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. ही लस नव्हे. शरीर यातून काही शिकत नाही; औषध त्वचेखाली साठून हळूहळू झिरपतं आणि 26 आठवड्यांनी परत घ्यावं लागतं. प्रतिबंधासाठी ते लागण नसलेल्यांनाच देतात. लागण असलेल्याने गोळ्या सोडून हे एकटंच घेतलं, तर विषाणू लवकरच त्याला दाद देईनासा होतो. म्हणून आधी तपासणी, मग इंजेक्शन.

लागण असलेल्यांनी उपचाराच्या गोळ्या थांबवल्या की विषाणू बहुतेकांत 2 ते 4 आठवड्यांत परत उसळतो. ‘मधेमधे थांबलं तर चालेल का’ हे स्मार्ट चाचणीत 5,472 जणांवर तपासलं होतं. थांबवणाऱ्यांत संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती घटल्यावर गाठणारे आजार) किंवा मृत्यू अडीच पटींहून जास्त निघाले आणि जानेवारी 2006 मध्ये ती चाचणी थांबवली.

निरोप वाचून कुणी टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविरची एकत्र गोळी बंद केली असेल, तर उरलेली बाटली घेऊन लगेच एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्रात, जावं. किती दिवस चुकले ते खरं सांगावं. तिथल्या डॉक्टरांना व्हायरल लोड (रक्तातला विषाणू मोजणारी तपासणी) कधी करायचा हे त्यावरूनच ठरवता येतं. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर तेही सांगावं, कारण ते डोलुटेग्राविर शरीरातून लवकर संपवतं आणि 12 तासांनी 50 मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते. सेंटर कुठे आहे हे 1097 वर फोन करून विचारता येतं; फोन मोफत आहे.