लीड कोणाची, आबा कोणाचे?

धुळ्यात मुंबई-आग्रा हायवेला लागून आमचं गाड्यांचं शोरूम आहे. जागा शेठची, इमारत शेठची, कर्जाचं व्याज शेठचं. कूलरमधलं पाणीसुद्धा उन्हाळ्यात शेठ टँकरने आणतात. फक्त दारातून आत येणारं गिऱ्हाईक गाड्या बनवणाऱ्या कंपनीचं. ते आत आलं की आधी त्याचा मोबाइल नंबर टॅबवर टाकायचा. नंबर पडला की त्या माणसाची ‘लीड’ होते आणि ती कंपनीच्या मालकीची होते. त्यानंतर त्याला पाणी विचारलं तरी चालतं.

हा टॅब, त्यातलं सॉफ्टवेअर आणि त्या सॉफ्टवेअरचा स्वभाव, तिन्ही कंपनीने ठरवून दिलेत. दुसरं काही वापरायची सोय नाही. दर महिन्याला प्रत्येक सेल्समनमागे त्याचं भाडं शेठच्या खात्यातून परस्पर वळतं होतं. आपल्या घरी पाहुणा कोण आला हे शेजाऱ्याला कळवायचं आणि कळवायची मजुरीही आपणच मोजायची, तसला हा कारभार. मी इथे टीम लीडर आहे, म्हणजे माझ्या हाताखालची पोरं नंबर टाकतात की नाही यावर नजर ठेवायला कंपनीने शेठच्या पगारावर नेमलेला माणूस.

पूर्वी शेठची एक लाल वही होती. त्यात एकेका गिऱ्हाइकाचं अख्खं चरित्र दीड ओळीत असायचं. ‘नरडाणा. बापू. मका विकल्यावर. पांढरी नको. वहिनी हो म्हणतात, भाऊ नाही म्हणतो. भावाला भेटणे.’ शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा. आता बापूंची नोंद अशी: एन्क्वायरी, वॉर्म. भावाला टाकायला रकानाच नाही. आणि गाडी तर त्या भावापाशी अडली आहे!

सगळ्यात पंचाईत होते ती ‘खरेदीची अपेक्षित तारीख’ या रकान्याशी. तो रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही. आमच्याकडे गिऱ्हाइकाला तारीख विचारली की तो म्हणतो, “पाहू.” जास्त खोदलं तर म्हणतो, “कपाशीना पैसा यीऊ दे.” आता कपाशी व्यापाऱ्याकडे कधी जाणार, तर भाव आला की. भाव कधी येणार? ते तर कृषिमंत्र्यांनाही सांगता येत नाही. जळगाव-रावेरकडचा असेल तर केळीची कापणी व्हायची असते आणि बऱ्हाणपूरचा भाव काय निघतो यावर गाडीचं मॉडेल ठरतं. भाव चढला तर सनरूफ, पडला तर सीट कव्हरसुद्धा नको. एवढं सगळं मनात धरून आमचा पोरगा टॅबवर पुढच्या महिन्याची पंधरा तारीख टाकतो. त्या दिवशी सकाळी टॅब लाल होतो: ‘फॉलो-अप ड्यू’. फोन केला की तिकडून पुन्हा तेच, “पाहू.”

अखाजीला तर विचारू नका. अक्षय तृतीयेला देशभर गाड्या विकल्या जातात हे कंपनीला ठाऊक आहे, म्हणून त्या आठवड्यात फॉलो-अप दुप्पट करायचं फर्मान सुटतं. पण खान्देशात अखाजी म्हणजे लेकीबाळी माहेरी आलेल्या, झाडाला झोके बांधलेले, जुन्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, वर्ष संपून नव्या सालदाराशी बोलणी चाललेली, आणि उरलेल्या वेळात पारावर पत्ते. अशा वेळी फोन उचलतो कोण? उचलला तरी हातात पानं चांगली आहेत की नाहीत यावर आमच्याशी बोलण्याचा सूर ठरतो. संपूर्ण आठवडा टॅबवर ‘प्रतिसाद नाही, प्रतिसाद नाही’, आणि मुहूर्ताच्या सकाळी तेच सगळे लोक सहकुटुंब, नारळ, हार आणि ढोल घेऊन दारात हजर. तेवढ्यात सर्व्हर बसतो.

गिऱ्हाईक हातचं गेलं तर त्याचं कारण निवडावं लागतं. यादीत ‘दुसऱ्या ब्रँडची गाडी घेतली’, ‘बजेट नाही’, ‘कर्ज मंजूर झालं नाही’, ‘खरेदीचा निर्णय पुढे ढकलला’ वगैरे आहेत. साक्रीकडचे आमचे एक जुने गिऱ्हाईक देवाघरी गेले. यादी वरखाली धुंडाळून पोराने शेवटी ‘निर्णय पुढे ढकलला’ निवडलं. त्यातल्या त्यात तेच सत्याच्या जवळ होतं. नव्वद दिवसांनी टॅबने आठवण केली: ग्राहकाशी पुन्हा संपर्क साधा.

हल्ली तर नंबरही दिसत नाही. पहिले दोन आकडे, मग नुसत्या चांदण्या. फोन लावायचा तो ॲपमधूनच, आणि तो रेकॉर्ड होणार. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. ग्राहकाची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरू नये म्हणतात. चांगलंच आहे. पण कंपनीने त्यातून एवढाच अर्थ काढलेला दिसतो की ग्राहकाची माहिती शेठपासून जपावी. एकदा एका लीडवर मी ॲपमधून फोन लावला. ‘हा कॉल प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड केला जाऊ शकतो’ अशी बाई बोलली आणि पलीकडून आवाज आला तो माझ्या सख्ख्या मामांचा. मी म्हणालो, “मामा, मी बोलतोय.” मामा म्हणाले, “कोन मामा? मन्हा कोनी भाचा नही,” आणि ठेवला. रेकॉर्डिंग म्हटल्यावर त्यांना वाटलं, बँकेतून पैसे उडवणाऱ्या टोळीचा फोन. रात्री त्यांनीच आईला फोन करून सांगितलं की पोराच्या नावाने चोर फिरतायत, जपून राहा.

पण या सगळ्यावर कडी केली ती शिंदखेड्याकडच्या आबांनी.

आबा भर दुपारी आले, घाम पुसत थेट डिस्प्लेच्या गाडीत जाऊन बसले, दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. आवाज पसंत पडला. “हाई लेवानी शे,” म्हणाले. असं गिऱ्हाईक वर्षातून एखादं येतं. पोराने नंबर टाकला तर टॅबवर पिवळी पाटी: ‘ही लीड अन्य डीलरकडे सक्रिय आहे. ठिकाण: सुरत.’

झालं असं होतं की आबांचा धाकटा सुरतेला उधन्यात नोकरीला. त्याने नुकताच कंपनीच्या वेबसाइटवर वडिलांचा नंबर टाकला आणि पिनकोड स्वतःचा. सॉफ्टवेअरने पिनकोड बघितला आणि आबांना गुजरातला देऊन टाकलं. आमच्याकडच्या निम्म्या गावांचं एकेक पोर सुरतेत आहे. सुरत-भुसावळ लाइनवर शिंदखेड्याला बसलं की उतरायचं उधन्याला. रेल्वेला जे कधीपासून कळलं आहे, ते सॉफ्टवेअरला कळायचं आहे. त्याच्या हिशेबी नंबर एक, पिन एक, डीलर एक.

मी आबांना समजावत होतो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सुरतहून. पंधरा मिनिटांत फोन केला नाही तर त्या डीलरचेही गुण कापले जातात, त्यामुळे ती पोरगी बिचारी घाईत होती. “सर, आप गाड़ी देखने कब आ रहे हैं?”

“मी गाडीमाच बठेल शे ना, बेटा,” आबा म्हणाले.

“जी सर, तो शाम को आएँगे?”

आबांनी फोन माझ्याकडे दिला. मी काही बोललो असतो तर तो दुसऱ्या डीलरच्या लीडमध्ये हस्तक्षेप ठरला असता. मी फोन परत आबांकडे दिला. आबांनी तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला. ती पोरगी तिथून एअरबॅगची माहिती देत राहिली. एसी कुठून लागतो ते आबा माझ्याकडून समजून घेत होते.

लीड इकडे वळवायची तर अर्ज करावा लागतो. त्याला सुरतच्या डीलरची ना-हरकत, मग तिकडच्या एरिया मॅनेजरची मंजुरी, मग इकडच्याची. सुरतवाला कशाला सोडेल? त्याचंही टार्गेट आहे. आबांना तर गाडीला नंबर एमएच-१८च पाहिजे होता. “मन्ही गाडी गावमा फिरी, तिले गुजरातना नंबर काब?” या प्रश्नाला रकाना नव्हता.

मार्ग शेठने काढला. सॉफ्टवेअर माणूस ओळखत नाही, नंबर ओळखतं. आजींच्या नावाने घ्या! आजींचा फोन घरी, शेवग्याखालच्या खाटेवर. ओटीपी गेला. आजींना आकडे दिसेनात. नातवाला बोलावलं, तो विहिरीवर. तो येईपर्यंत ओटीपीची मुदत संपली, दुसरा गेला. नातवाने वाचला, पण शेंडीपासून वाचला, म्हणजे वरच्या मेसेजमधला गॅस सिलिंडरचाच सांगितला. असं करत करत कधीही शोरूमला न आलेल्या आजी आमच्या ‘वॉक-इन’ आणि ‘हॉट’ झाल्या. टेस्ट ड्राइव्हही त्यांच्याच नावावर लागली. आठवड्याने गाडी हार घालून गावाला गेली.

सुरतकडे आबांची लीड उघडीच होती. ते फोन करत राहिले, आबा “लिधी ना गाडी, भाऊ” सांगत राहिले. शेवटी कंटाळून तिकडच्याने यादीतलं पहिलं कारण निवडलं: दुसऱ्या ब्रँडची गाडी घेतली. पुढच्या महिन्यात आमचे एरिया मॅनेजर मीटिंगला आले. पडद्यावर आलेख लावून म्हणाले, सुरतेत प्रतिस्पर्धी ब्रँड जोर धरतोय, म्हणून तिथे खास सवलत जाहीर केली आहे. धुळ्याला नाही. मी शेठकडे पाहिलं, शेठनी छताच्या पंख्याकडे.

एरिया मॅनेजर वाईट माणूस नाही. त्याच्याही टॅबवर कुठला तरी वरचा टॅब असतो. आणि कधी कधी कंपनी गिऱ्हाईक बनवून स्वतःची माणसंही पाठवते. आपल्या बाजारात हे नवं नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या कारकंपनीला २०२१ साली स्पर्धा आयोगाने २०० कोटींचा दंड ठोठावला, तो यावरूनच: डीलरने ठरल्याहून जास्त सवलत दिली तर पकडायला तिथे अशीच बनावट गिऱ्हाइकं फिरत होती, असं आयोग म्हणाला. प्रकरण अपिलात गेलं. आम्ही तेव्हापासून एवढंच शिकलो की फार नम्रपणे बोलणारं आणि भाव न करणारं गिऱ्हाईक खान्देशातलं नव्हे. त्याला दोनदा चहा पाजावा.

अमेरिकेतही बऱ्याच डीलरांना कंपनीकडून येणाऱ्या लीड कंपनीने मान्य केलेल्या सॉफ्टवेअरमध्येच घ्याव्या लागतात, हे मी शेठना सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. आणि जून २०२४ची गोष्ट सांगितली तेव्हा तर ते खुर्चीत पुढे सरकले. तिकडे सीडीके ग्लोबल नावाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर उत्तर अमेरिकेतली जवळपास १५,००० शोरूम वापरतात. त्यावर सायबर हल्ला झाला आणि सगळं बंद. बऱ्याच ठिकाणी जवळजवळ दोन आठवडे लोक कागद-पेनाने गाड्या विकत होते. “वह्या कुठून आणल्या त्यांनी?” शेठनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी खरी होती.

शेठची आणखी एक काळजी आहे, ती मात्र ते हसून बोलत नाहीत. फोर्डने २०२१मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं, तेव्हा ती एजन्सी घेऊन बसलेले डीलर रात्रीत उघडे पडले. डीलरांची संघटना, फाडा, संरक्षणाचा वेगळा कायदा मागत असते. उद्या आमची कंपनी उठली तर काचेची इमारत शेठकडे राहील, बँकेचे हप्तेही राहतील. इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं मात्र चांदण्या होऊन तिच्याबरोबर जातील. हे बोलून झालं की शेठ मला विचारतात, नरडाण्याच्या बापूंचा भाऊ काय म्हणतो?

असो. आजींकडे यायला पाहिजे, कारण गाडी त्यांच्या नावावर, म्हणून ‘समाधानाचा’ फोनही त्यांनाच गेला. शून्य ते दहामध्ये किती गुण द्याल? या खेळात नऊ आणि दहाच जमेत धरतात. सात-आठ म्हणजे असून नसल्यासारखे, सहा किंवा त्याखाली तर आमच्या नावाने शिमगाच. आजींनी आठ दिले. विचार करून दिले. “दहापैकी दहा तं आमना गुरुजीसनी बी कोनले कधी दिधा नहीत,” असं त्यांनी कारणही सांगितलं. ते रेकॉर्डिंगमध्ये आहे.

त्यावर मला खुलासा मागितला गेला. नाराज ग्राहकाला प्रत्यक्ष भेटा, समाधान करा आणि त्यांच्यासोबतचा फोटो ठिकाणासह अपलोड करा. मे महिना, चव्वेचाळीस डिग्री. मोटारसायकलवर गेलो. नाराज ग्राहकाने ताक दिलं, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली, फोटो म्हटल्यावर आत जाऊन लुगडं बदलून आल्या. फोटो अपलोड झाला. मी हायवेला लागतो न लागतो तोच कंपनीचा फेरतपासणीचा फोन आजींना गेला: आता किती गुण द्याल?

“सात,” आजी म्हणाल्या. “पोऱ्याले इतला उनमा फोटो काढाले धाडं म्हनीसन.”