पाच सेकंदांत धप्पा देता येत नाही

ओव्हरवॉच 2 हा टीमने खेळायचा नेमबाजीचा व्हिडिओ गेम खेळणारी चार डोकी जमली आणि सोम्ब्राचं नाव निघालं की एक ठरलेली तबकडी वाजते: "अदृश्य होणाऱ्या हिरोला उतारा नसतो. तिला खेळायला अक्कल लागत नाही. नवी पोरं तिच्यामुळे गेम सोडतात. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने तिचं अदृश्यपण 5 सेकंदांवर आणलं ते बरंच झालं." हे इतक्या वेळा ऐकलंय की बोलणाऱ्याने स्वतः सोम्ब्राचा एक तरी सामना खेळलाय का, हेही आता कुणी विचारत नाही.

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. सोम्ब्रा ही मेक्सिकोची हॅकर. अदृश्य होऊन शत्रूच्या मागे जायचं, त्याला हॅक करून त्याची कौशल्यं काही क्षण बंद पाडायची आणि ट्रान्सलोकेटर (पडेल तिथे क्षणात नेणारं यंत्र) फेकून निसटायचं, हा तिचा धंदा. 2024 च्या अखेरीच्या बदलात तिचं अदृश्यपण या ट्रान्सलोकेटरलाच बांधलं गेलं. तो फेकून उडी मारली की पुढची 5 सेकंदं ती दिसत नाही. मग दिसते.

पहिला मुद्दा, उतारा नाही हा. उतारे इतके होते की मोजताना माझाच जीव वर यायचा. कसलीही गोळी लागली की अदृश्यपण गेलं. फार जवळ गेलात तर शत्रूला तुम्ही दिसता. प्रकट होताना आवाज होतो. अदृश्य असताना पॉइंट, म्हणजे दोन्ही टीम जिच्यासाठी लढतात ती जागा, अडवता येत नाही. हॅक करताना साधी एक गोळी लागली की हॅक तुटतो, आणि झालेला हॅक किरिको ही सपोर्ट (साथीदारांना बरं करणारी) हिरो तिच्या सुझू या कौशल्याने धुऊन टाकते. विन्स्टनला तर नेमही धरावा लागत नाही, त्याने विजेचा झोत नुसता फिरवला की तुम्ही उघडे. आमच्या टोळक्यात एक जण ॲना ही सपोर्ट हिरो खेळतो. आपसात सामने लावले की मी कायम त्याच्या विरुद्ध बाजूला. त्याने माझ्यासाठी काही शास्त्र शिकून घेतलं नाही. एकच सवय लावून घेतली: पाठ भिंतीला लावून उभं राहायचं आणि दर दहा-बारा सेकंदांनी मागे एक नजर टाकायची. एवढ्यावर त्याने माझं जगणं हराम केलं होतं. उतारा होताच, फक्त त्यासाठी मान वळवावी लागायची.

आता अक्कल. किंग्ज रो या नकाशाच्या पहिल्या पॉइंटवर तुम्ही ॲनाच्या मागे, पेटीआड उभे आहात असं समजा. ती दिसतेय, एकटी आहे, पाठ तुमच्याकडे. धावून जाणारा सोम्ब्रा खेळाडू इथेच मरतो, कारण ॲनाकडे झोपवणारा डार्ट आहे. म्हणून थांबायचं. समोर त्यांचा टँक (पुढे राहून मार झेलणारा हिरो) आपल्या टँकवर चढतोय. आपला मार खातोय आणि व्हॉइसवर तुमचा उद्धार करतोय, कारण तुम्ही गोळी झाडत नाही आहात. तरी थांबायचं. मग ॲना घाबरून डार्ट आपल्या टँकवर वापरते. आता पंधरा-एक सेकंद तिच्याकडे डार्ट नाही. हाच तो क्षण. हॅक, गोळ्या, उडी. बघणाऱ्याला शेवटचे दोन सेकंद दिसतात, म्हणून त्याला वाटतं यात काय मोठं. आधीचं अर्धं मिनिट तो बघतच नाही.

लहानपणी लपंडाव खेळलेल्या कुणालाही हे कळायला हवं. ज्याच्यावर राज्य आहे त्याच्या पाठीत धप्पा घालायचा तर तो पाठ फिरवेपर्यंत माडीच्या जिन्याखाली श्वास धरून बसावं लागतं. 'लपा, पण पाच म्हणायच्या आत बाहेर या' असा नियम केला तर त्या खेळाला लपंडाव कोण म्हणेल?

आणि नव्या पोरांचं म्हणाल, तर इथे चोर सोडून संन्याशाला सुळी दिली गेली. 'काही कळायच्या आत मेलो' ही तक्रार खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण ती टिपेला कधी पोचली ते आठवा. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्लिझार्डनेच सोम्ब्रा नव्याने घडवली. अदृश्यपण आपोआप येऊ लागलं, बटण दाबायचीही गरज उरली नाही. वर 'व्हायरस' नावाचं नवं हत्यार दिलं, जे हॅक झालेल्यावर जास्त झपाट्याने चढायचं. आधी ट्रान्सलोकेटर दूर कुठेतरी ठेवून यायचा आणि संकटात तिथे परतायचं, म्हणजे पळायची वाट आधी आखावी लागायची. तो आता फेकला की लगेच उडी. या सोम्ब्राचा मलासुद्धा वैताग यायचा, आणि मी तिला सोडून फारसं काही खेळत नव्हतो! पण मारत होता तो व्हायरस, अन् वाचवत होती ती फुकटची उडी. हे दोन्ही बोथट करता आले असते. कुऱ्हाड पडली ती अदृश्यपणावर, कारण लोकांच्या तोंडी तेवढंच होतं.

तसंही बदलानंतर मागच्या फळीतले सपोर्ट काही निवांत झालेले नाहीत. मागे घुसणारी ट्रेसर येते, गेंजी येतो. ते दिसतात एवढंच.

सगळ्यात पटण्याजोगा वाटणारा मुद्दा शेवटी येतो: "अहो, नोव्हेंबर 2016 मध्ये ती आली तेव्हा 6 सेकंदच अदृश्य राहायची. मूळ रूपच परत दिलंय, रडताय काय?" आकडा बरोबर आहे, निष्कर्ष नाही. त्या 6 सेकंदांची मर्यादा 2018 मध्ये ब्लिझार्डनेच काढून टाकली होती. 6 सेकंदांत कुठे पोचायचं? घड्याळाकडे बघत धावत सुटायचं आणि जे समोर येईल त्याच्यावर तुटून पडायचं, एवढंच हातात राहायचं. म्हणजे जो प्रयोग करून एकदा सोडून दिला, तोच आणखी आवळून परत आणलाय. कारण 2016 मध्ये निदान अदृश्य कधी व्हायचं ते खेळाडू ठरवायचा आणि ट्रान्सलोकेटर वेगळा हातात असायचा. आता लपायचं म्हटलं तर पळायचं साधन खर्च होतं. आत जायला वापरलं तर बाहेर कशाने येणार? लपून वाट बघणारीला या बदलाने मारलं, आणि उडी मारून अंगावर येणारी तशीच ठेवली.

तुलनाच करायची तर टीम फोर्ट्रेस 2 या तशाच गेममधल्या स्पायशी करा, जो मनगटी घड्याळ वापरून अदृश्य होतो. तो 2007 पासून आहे. साध्या घड्याळावर त्याचं अदृश्यपण जेमतेम 9-10 सेकंद टिकतं, हे विरोधकांच्या बाजूचं आहे, मान्य. पण ते कधी सुरू करायचं हे त्याच्या हातात असतं, वाटेत काडतुसांचा डबा उचलला की ते भरतं, आणि 2009 पासून त्याला आणखी दोन घड्याळं मिळाली. क्लोक अँड डॅगर लावून एका जागी उभं राहिलं तर हवं तितका वेळ लपता येतं. वर पाठीत सुरा बसला की एका वारात खेळ खलास. घाव एवढा मोठा, पण अट कडक: पाठच हवी. तिथे लोकांनी काय केलं? आग ओकणारे पायरोवाले कोपऱ्याकोपऱ्यात जाळ फुंकत फिरतात, आपल्याच माणसावर गोळी झाडून तो वेष बदललेला स्पाय नाही ना याची खात्री करतात. मेल्याचं सोंग करून लपवणारं डेड रिंगर घड्याळ फारच डोईजड झालं तेव्हा 2015 मध्ये त्याची ढाल पातळ केली, पण घड्याळ काढून घेतलं नाही. नर्फ, म्हणजे ताकद कमी, करायचीच तर अशी करावी.

मी सध्या बहुतेक ट्रेसर खेळतो. आमचा ॲनावाला आता बऱ्याचदा माझ्याच टीममध्ये असतो. समोर सोम्ब्रा नसली तरी तो दर दहा-बारा सेकंदांनी मागे वळून बघतोच. परवा त्याला विचारलं, काय बघतोस रे? म्हणाला, "तूच आहेस का ते."