थंडी आहे तिथेच आहे, बंब गेला

"पूर्वीसारखी थंडी राहिली नाही हो पुण्यात." डिसेंबर लागला की सोसायटीच्या कट्ट्यापासून स्टाफरूमपर्यंत हे वाक्य ऐकू येतं, आणि म्हणणाऱ्याच्या अंगात स्वेटर असतोच. पेपर तपासायची खोड सुटत नाही, त्यामुळे या वाक्याला माझ्याकडून पाचपैकी दोन गुण.

पहिला गुण शहर वाढलं म्हणून. वर्तमानपत्रात 'पुणे' म्हणून तापमानाचा जो आकडा छापून येतो तो शिवाजीनगरचा. तिथलं सिमला ऑफिस म्हणजे हवामान खात्याची जुनी दगडी इमारत. 1928 साली खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, ते गावाचं नावही बरोबर घेऊन आलं. एकाच रात्री मोकळ्या पाषाण-एनडीएकडचा पारा बहुधा शिवाजीनगरहून खाली असतो आणि इमारतींनी भरलेल्या मगरपट्ट्याचा वर. काँक्रीट आणि डांबर दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते सोडत बसतात. मोकळी जमीन निरभ्र आकाशाखाली पटकन गार पडते, आणि टेकड्यांवरची जड, गार हवा उतरून खालच्या सखल भागात साचते. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. वर उबदार हवेचं झाकण बसतं, म्हणून पहाटे कोणी पालापाचोळा पेटवला की धूर वर न जाता नदीकाठाने आडवा पसरतो. तेव्हा तुलना करायची तर निदान एकाच पेठेतली करा.

दुसरा गुण भावनेला. उरलेले तीन कापले, कारण पुण्याचा नीचांक 1.7 अंश आहे आणि तो जानेवारी 1935 मधला आहे. "आमच्या लहानपणी" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

खरं काय झालंय, तर थंडीची कामं गेली. त्यातलं पहिलं अंघोळीचं पाणी तापवणाऱ्या बंबाचं. तांब्याचं उभं भांडं, मधून आरपार गेलेली नळी, खाली जाळी आणि राखेचं खण, बाजूला तोटी, वर झाकण. जाळ नळीत, पाणी नळीभोवती, त्यामुळे उष्णता वाया कमी जायची. पेटवायची रीत ठरलेली: आधी कागदाचा बोळा, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग काटक्या, आणि जाळ धरला की करवंट्या. करवंटी एकदा धरली की भडकून जळते. सुरुवातीलाच घातली तर नुसता धूर. ओलं लाकूड घातलं तर त्यातलं पाणी वाफ होण्यातच बरीच आग खर्च होते आणि न्हाणीघरातला माणूस डोळे चोळत बाहेर येतो. सगळ्यात मोठा नियम म्हणजे जेवढं गरम काढलं तेवढं गार लगेच वरून ओतायचं. बंब रिकामा तापला की सांध्याचा डाग, म्हणजे झाळलेला जोड, वितळतो आणि बंब गळायला लागतो. घरातला प्रत्येक मुलगा हा नियम विज्ञानाच्या तासाआधी शिकायचा, बहुतेक पाठीत धपाटा खाऊन.

गिझरवर माझा राग नाही. 15 लिटरची टाकी आणि 2 किलोवॅटची कॉइल धरली, तर 18 अंशांचं पाणी 60 वर न्यायला साधारण 22 मिनिटं लागतात. उन्हाळ्यात पाणी 28 अंशांचं असतं, तेव्हा 17. म्हणजे फरक पाच मिनिटांचा. तरी मंडळी तासभर आधी बटण दाबून ठेवतात आणि बिल आलं की महावितरणच्या नावाने बोटं मोडतात.

शाळेतला हिवाळा सकाळच्या अधिवेशनात दिसतो. आता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवा, असं शासनाने 2024 मध्येच सांगितलंय. मोठ्यांचं मात्र "हजर" अजून मफलरमधूनच येतं. प्रार्थनेला उन्हाची पट्टी जिथे पडते तिथली रांग आपोआप फुगते. आणि खोबरेल तेल! ते 24 अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे पुण्यात नोव्हेंबरपासूनच. बाटली काडीने कोरू नका, गरम पाण्याच्या तांब्यात पाच मिनिटं उभी करा. गोठलं म्हणजे शुद्ध, हेही काही खरं नाही. गारठ्यात पामतेलही दाट होतं.

पण थंडीचं खरं प्रात्यक्षिक तिळगुळाचं. तीळ पाव किलो, चिकीचा गूळ पाव किलो, दाण्याचं भरड कूट अर्धी वाटी, डाळं आणि भाजलेलं सुकं खोबरं पाव-पाव वाटी, वेलदोडा. तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजायचे, लाल झाले की कडवट लागतात. कढईत चमचाभर तूप, त्यात गूळ, आणि हात थांबवायचा नाही. गूळ फसफसून वर आला की थेंब वाटीतल्या गार पाण्यात टाकायचा. पसरला तर कच्चा. बोटांनी घट्ट गोळी वळली की लाडवाचा पाक. ताटलीवर टाकल्यावर टणकन वाजली तर तो वडीचा. पाकातलं पाणी जसं उडतं तसं तापमान चढतं आणि गार झाल्यावरचा कडकपणाही वाढतो. थर्मामीटरचं काम ती वाटी बिनचूक करते.

कच्च्या पाकाचा लाडू बसतो आणि दाताला चिकटतो. पाक झाला की गॅस लगेच बंद करून तीळ ओता, कारण गरम कढईत तो पुढे जात राहतो. मिश्रण गरम असतानाच पाण्याचा हात लावून भराभर वळायचं, इथे चार-पाच जण लागतात. (एकट्याने करायचे असतील तर निम्मंच प्रमाण घ्या.) मध्येच आळलं तर कढई पुन्हा मंद आचेवर ठेवून सैल करा. तरीही हाताला दाद देत नसेल, तर तूप लावलेल्या ताटात थापून गरम असतानाच सुरीने रेघा मारा, आणि कोणी विचारलं तर वड्याच करायच्या होत्या म्हणून सांगा.