साताऱ्यातून निघताना ३३ हवा का भरली: दोन तारे दिलेल्या ग्राहकाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. चेन्नईच्या ट्रॅक डेला (रेसट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवसाला) निघताना तुम्ही चारही टायरमध्ये २८ हवा मागितली, आम्ही ३३ भरली. ट्रॅकवर ती ४२ झाली, गाडी वळणात पुढून सरकायला लागली, पहिली दोन सेशन वाया गेली. नायट्रोजनचे पैसे देऊनही हवा वाढली आणि पुढच्या डाव्या टायरचा खांदा (बाहेरची कड) घासला. शेवटी तिथल्या एकाने गरम टायरमधली हवा ३६ वर आणून दिली तेव्हा गाडी सुधारली. म्हणून दोन तारे आणि ‘यांना ट्रॅकचं काही कळत नाही’. साताऱ्यातली बरीच पोरं आता ट्रॅकवर जायला लागली आहेत, त्यांच्याही कामाचं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

थंड टायरमध्ये २८ हा तुमच्या गाडीला ट्रॅकवर चालण्यासारखा आकडा आहे. त्या दिवशी काउंटरवरही मी हेच म्हणालो होतो. पण मधे कराड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू असा हजारावर किलोमीटरचा हायवे होता, गाडीत चौघं आणि डिकी गच्च भरलेली. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा कंपनीचा स्टिकर ३३ सांगतो. हवा कमी असली की वजनाखाली टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, सारखी वाकत राहते आणि आतून तापते. हायवेवर टायर फुटतात त्यातले कितीतरी असेच फुटतात. भर उन्हात, लोड गाडीला, शंभरच्या स्पीडसाठी २८ आम्ही भरून देत नाही. पुढेही देणार नाही.

आता ४२ कशी झाली ते. बंद टायरमधली हवा तापली की दाब वाढणारच, साधारण दर सहा-सात अंशांना एक पीएसआय (३३, ४२ हे आकडे याच मापातले). इथे सकाळच्या गारव्यात, बावीस-तेवीस अंशांना आपण ३३ भरली. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे, चेन्नई समुद्राला लागून. खाली बाहेरच्या हवेचा दाब जास्त, त्यामुळे तोच टायर तिथे गेजवर एखादा पीएसआय कमी दाखवतो. तिथल्या उकाड्याने तो परत भरून निघतो. मग दणकून ब्रेक आणि वळणं घेतली की टायरच्या आतली हवा ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत जाते आणि गेज ४१-४२ दाखवतो. म्हणजे तुमचा टायर जसा वागायला हवा तसाच वागला. हवा काढायची ती तिथेच, गरम टायरमधून. बिलाच्या मागे तेच लिहून दिलं होतं.

नायट्रोजनही तापला की तेवढाच वाढतो. साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो. फरक ओलाव्याचा. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असलं तर तापल्यावर त्याची वाफ होते आणि वाढीचा अंदाज चुकतो. कोरड्या नायट्रोजनमध्ये वाढ दरवेळी सारखी येते, त्याचा फायदा तेवढाच. तो तुम्ही मागितला म्हणून भरला.

खांद्याचं मात्र नीट समजून घ्या, कारण पुढचा टायरही असाच जाईल. तुमची फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक आहे. इंजिनाचं वजन पुढे, ओढणं, वळवणं आणि बरंचसं ब्रेकिंगही पुढच्याच टायरवर. त्यात कंपनीच्या सेटिंगला कॅम्बर (चाकाचा वरून आतल्या बाजूला कल) जवळजवळ नसतो, म्हणून बॉडी कलली की टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. जोराची उजवी वळणं जास्त असली की डावा टायर मरतो. ४२ ला एवढा घासला, तर फार कमी हवेवर साइडवॉलवरची अक्षरंसुद्धा पुसली गेली असती. टायरच्या कडेला बारीक त्रिकोणाची खूण असते. तिच्यावरून आडवी खडूची रेघ मारा आणि सेशननंतर बघा. खडू त्रिकोणाच्या खालपर्यंत पुसला असेल तर हवा कमी आहे. त्रिकोणापर्यंत पोचलाच नसेल तर जास्त.

पुढच्या वेळी ट्रॅकवर सकाळी, गाडी हलवायच्या आधी चारही टायर स्वतःच्या गेजने बघा. गेज एकच वापरा, दोन गेज क्वचितच जुळतात. तीन-चार राउंड मारून आत या आणि टायर गरम असतानाच लगेच मोजा. पुढचे ३६ च्या आसपास आणा, मागचे कमी तापतात, ते वेगळे बघा. चारही टायरला एकच आकडा धरू नका, डावा-उजवाही सारखा तापत नाही. पुढच्या सेशननंतर परत मोजा. आणि तापलेली गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगडाची किंवा लाकडाची अडण लावा.

तुमच्या रिव्ह्यूमध्ये एक गोष्ट नाही आणि मला काळजी तिचीच आहे. गरम टायर ३६ वर आणले म्हणजे रात्री थंड झाल्यावर ते २८-२९ वर बसले असणार. परत निघताना ३३ भरली होती का? नसेल, तर चौघांना घेऊन तुम्ही हजार किलोमीटर त्याच हवेवर आलात. अशा वेळी साइडवॉल आतून घासून रबराचा काळा चुरा पडतो, बाहेरून काही दिसत नाही. या आठवड्यात गाडी घेऊन या. चारही टायर रिमवरून उतरवून आतून बघतो, त्याचे पैसे घेणार नाही. तोवर ३३ भरून घ्या आणि पुण्याकडे वगैरे लांब जाऊ नका.