मेन स्विचजवळचे मामा

एका पतसंस्थेच्या शाखांमधले, विंडोजऐवजी उबंटूवर चालणारे कॉम्प्युटर मी रत्नागिरीत घरी बसून अपग्रेड करतो. राजापूर, देवगड, कणकवली, मालवण. किरकोळ पॅकेजं (प्रोग्रामचे गठ्ठे) ॲन्सिबल नावाच्या आपोआप काम करणाऱ्या साधनावर सोपवतो. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, असला की मात्र एसएसएचने, म्हणजे दूरवरून आत शिरायच्या सुरक्षित वाटेने, शिरून टीमक्समध्ये हाताने चालवतो. टीमक्समुळे माझं नेट गेलं तरी तिकडचं काम थांबत नाही.

परवा दुपारी परतीच्या पावसाने गडगडाट मांडला आणि मालवण गप्प झालं. फोन लावला, शाखेतल्या मामांनी उचलला.

"मामा, कॉम्प्युटर बंद पडला का?"

"पडलो नाय, मियाच केलंय. मेन खाली केलंय. गडगडता हा."

"अहो, काम चालू होतं!"

"कोणाचा? खुर्चेर कोण नाय आणि डब्याची लाइट आपली लुकलुकता. माका वाटला विजेचाच कायतरी असतला."

"आता चालू करा."

"पाऊस जाव दे. गेल्या वर्साक आमचो टीवी गेलो. तुमका रत्नागिरीत बसून काय कळतला हय इज कशी पडता ती?"

गडगडलं की वायरी आमची आईही उपटते, त्याबद्दल तक्रार नाही. पण यूपीएसची मेलेली बॅटरी बदला म्हणून मी कधीपासून अर्ज करतोय! एसएसएच १९९५ साली फिनलंडमध्ये तातू युल्योनेन यांनी लिहिलं, विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला जात होते म्हणून. चोरांचा बंदोबस्त झाला. मेन स्विचजवळच्या माणसाचा विचार करायला त्यांना सवड मिळाली नसावी.

पाऊस ओसरल्यावर मामांनी मेन वर केला.

"शेवटची ओळ वाचा."

"टू… इयर… वॉरंटी."

"मामा, पडद्याच्या आतली."

आतली ओळ त्यांनी एकेक अक्षर करून वाचली. मधे एका ठेवीदाराला पासबुकही दिलं. पी, ए, एन… पॅनिक. म्हणजे कर्नल उठतानाच कोसळला होता. सुरू होताना कोणता कर्नल उठवायचा त्याची यादी दाखवणारा ग्रबही त्याच अपग्रेडमध्ये होता. त्यामुळे मेनूत नवा कर्नल येऊन बसला होता, पण त्याचं इनिट्रॅमएफएस, म्हणजे उठताना त्याला लागणारी फाइल, तयार व्हायच्या आत मेन खाली. जुना कर्नल शाबूत होता. तो ग्रबमधून निवडायचा होता, एवढंच.

"यादी दिसली की खालच्या बाणाचं बटण एकदाच दाबा."

"दाबून धरलंय."

"सोडा!"

"सोडून एंटर पण दिलंय. पडदो निळो झालो. बरो दिसता."

ग्रबच्या तळाशी मेमरी टेस्ट असते. ती निळ्या पडद्यावर रॅम तपासते, आणि कोणी थांबवेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासतच राहते. मामा खूश होते.

"आता कसा शिस्तीत चल्ला हा! तुमी आता हात लावू नका."

एस्केप दाबायला त्यांना राजी करण्यात जी शक्ती गेली, तेवढ्यात मी मालवणला जाऊन आलो असतो. शेवटी जुना कर्नल उठला. मी आत शिरून 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' दिलं, अर्धवट राहिलेली पॅकेजं मार्गी लावली, आणि रीबूटच्या वेळी देवाचं नाव घेतलं.

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांचा फोन.

"बंद पडलेला कॉम्प्युटर आमच्या मामांनी चालू केला म्हणे! आणि मुळात चालत होतं, तर हात कशाला लावलात?"

सुरक्षेचे पॅच वगैरे मी बोललो. ते ऐकत नव्हते. मग बिलाचा विषय निघाला.

"घरी बसूनच तर करता," ते म्हणाले, "त्याचे एवढे?"

बॅटरीचा अर्ज पुढच्या सभेपुढे ठेवणार आहेत. बिलही त्याच सभेत.