भर पावसात डिश हलवायला जाऊ नका

‘पावसात टीव्ही बंद पडतो? कंपन्या लपवतात ते उपाय’ असा एक मेसेज फिरतोय. दुर्लक्षच करणार होतो. पण तो वाचून आमचे काका पाना घेऊन गच्चीकडे निघाले, तेव्हा लिहिणं भाग पडलं.

आधी त्या पान्याचंच. म्हणे, ‘पाण्यातून जाताना लहरी वाकतात, म्हणून पाऊस असेपर्यंत डिश दोन अंश वर करा.’ काहीही! उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर पृथ्वीच्याच गतीने फिरतो, जागा सोडत नाही. पावसात लहरी भलतीकडून येत नाहीत. थेंबांत जिरतात, विखुरतात. 60 सेंटीमीटरच्या डिशची नजर 12 गिगाहर्ट्झला, म्हणजे घरच्या डिशवर येणाऱ्या लहरींच्या वारंवारतेला, जेमतेम तीन अंश रुंद. मध्यापासून दीड अंश सरकली की निम्मी ताकद गेली. म्हणजे पावसाने जे सोडलं ते तुम्ही घालवणार, आणि ऊन पडलं तरी चित्राचे चौकोन होत राहणार. शिवाय विजा कडाडत असताना ओल्या गच्चीवर लोखंडी खांब धरून उभं राहायचं, ते वेगळंच.

‘कंपन्या मुद्दाम सिग्नल पाडतात.’ आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची पी.838 ही पावसातल्या घटीबद्दलची शिफारस कुणालाही उघडून बघता येते. तिच्या सूत्रात ताशी 50 मिलिमीटर पाऊस घाला: 4 गिगाहर्ट्झला दर किलोमीटरला घट 0.1 डेसिबलपेक्षाही (डेसिबल हे सिग्नलच्या घट-वाढीचं माप) कमी, 12 ला सुमारे अडीच, 30 ला जवळपास दहा. अशा सरीतून 12 गिगाहर्ट्झची लहर चार किलोमीटर आली तर घट दहा डेसिबल, म्हणजे दहावा हिस्साच उरतो. कट रचायची गरजच काय?

मेसेज म्हणतो, एलएनबीवर (डिशसमोरच्या, सिग्नल टिपणाऱ्या डबीवर) फॉइल गुंडाळा, नाहीतर सिग्नल वाढवणारा बूस्टर लावा. फॉइल गुंडाळणं म्हणजे त्या डबीचं तोंड धातूने बंद करणं. बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, आणि पाऊस स्वतःच गोंगाटात भर घालतो. ‘खालून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांना पाऊस बाधत नाही’ हेही खोटं. उपग्रह 550 किलोमीटरवर असो की 36,000, पाऊस असतो तो शेवटच्या काही किलोमीटरांतच.

डिशला तेल चोळायच्या सल्ल्यात मात्र अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. एलएनबीच्या टोपणावर पाण्याचा पापुद्रा साचला तर सिग्नल खरंच घटतो. उपग्रहाशी बोलणाऱ्या मोठ्या केंद्रांवर त्या जागी पाणी न धरणारा लेप देतात. पण खायचं तेल धूळच धरेल. टोपण तडकलं असेल तर बदला, तेही कोरड्या दिवशी.

मोठी डिश उपयोगी पडते: 60 ऐवजी 90 सेंटीमीटर म्हणजे साडेतीन डेसिबल जास्त. बाकीचे उपाय पलीकडच्या टोकाला. उपग्रहाकडे कार्यक्रम पाठवणारं केंद्र पावसात स्वतःची शक्ती वाढवतं, किंवा काही किलोमीटर दूरच्या, कोरड्या जागच्या दुसऱ्या केंद्रावरून काम चालवतं. उपग्रहावरच्या इंटरनेटमध्ये तुमचं यंत्र ‘ऐकू येत नाही’ असं उलट कळवू शकतं, मग वेग कमी करून जोडणी टिकवली जाते. टीव्हीची डिश नुसती ऐकते, कळवत काहीच नाही. म्हणून तिथे सर ओसरेपर्यंत थांबायचं.